रिकाम्या गाडीची तालीम

नाटकाला अंक तीन. पण त्या मंडळीत चार धरायचे. तिसऱ्या अंकावर पडदा पडला, रंग पुसले, खोटे दागिने पेटीत गेले, की सगळी वरात व्हॅनमध्ये चढायची आणि तिथे चौथा अंक सुरू व्हायचा. रंगमंचावर एकमेकांसाठी जीव द्यायला निघालेले नायक-नायिका खिडकीच्या जागेवरून हमरीतुमरीवर यायचे. खलनायक सगळ्यांना बिस्किटं वाटायचा. कुणाचं लग्न जमायचं, कुणाचं मोडायचं, आणि कुणीतरी काहीच कारण नसताना मुसमुसत बसायचं. हा सगळा संसार पाठीवर घेऊन पुढे जो माणूस गुपचूप गाडी हाकायचा, त्याचं नाव पडलं 'चौथा अंक'. वय वाढलं तसं 'अंकमामा' झालं, आणि मग नुसतं मामा.

मामा मूळचे नाटकातले नव्हेत. गॅरेजमध्ये काम करणारा हडकुळा, अबोल तरुण. मंडळीची गाडी प्रयोगाच्या गावीच बंद पडली, म्हणून त्यांना बोलावणं गेलं. त्यांनी गाडी चालू केली, हात पुसले आणि मजुरीसाठी थिएटरच्या मागच्या दाराशी उभे राहिले. तिथे कपडेपट सांभाळणारी मुलगी तोंडात टाचण्या धरून एका धिप्पाड राजाचा फाटलेला अंगरखा त्याच्या अंगावरच शिवत होती. टाचण्या न काढता ती म्हणाली, "सरका, उजेड अडतोय." मामा सरकले ते थेट विंगेत. तिथून त्यांनी उरलेलं नाटक बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी व्हॅनच्या स्टिअरिंगवर तेच होते.

ती मुलगी म्हणजेच पुढच्या मामी. त्यांचं निम्मं शिवणकाम चालत्या गाडीत व्हायचं, कारण फाटायचं एका गावात आणि घालायचं दुसऱ्या गावात. मामा आरशातून मागे बघत गाडी चालवायचे. सुईत दोरा ओवायची वेळ आली की त्यांना न सांगता कळायचं, आणि गाडी अशी जायची की पोटातलं पाणी हलू नये. एकदा सगळ्यांदेखत मामी म्हणाल्या, "अहो, तुम्ही गाडी चालवता की पाळणा हलवता?" मामांचे कान लाल झाले. धिप्पाड राजा मागून ओरडला, "लग्न ठरलं रे! सनईवाला कोण?" आणि खरोखरच ठरलं.

पुढे मंडळी संपली. अशा गोष्टी गाजावाजा न करताच संपतात. आज एक तारीख रद्द, उद्या दुसरी. मालकांनी जुनी व्हॅन मामांच्या हवाली केली. "नायिकेला निरोपाचा हार आणि तुम्हाला भंगार!" असं राजे म्हणाले. राजे म्हणजे तोच अंगरखेवाला. जन्मभर राजांच्या भूमिका केल्यामुळे त्यांना दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. मामांना मूलबाळ नव्हतं. दोन खोल्यांचं घर, बाहेर पत्र्याची शेड, शेडमध्ये व्हॅन. मामी गल्लीतल्या बायकांचे कपडे शिवायच्या, मामा गल्लीतल्या गाड्या बघायचे.

मग मामींची पाठ दुखायला लागली. वयाचं दुखणं समजून शेक झाला, लेप झाले. शेवटी तपासण्या झाल्या तेव्हा आजार हाडांत शिरलेला होता. मणका वाळवी लागलेल्या लाकडासारखा झाला होता. डॉक्टरांनी मामांना बाजूला घेऊन सांगितलं, "आता दुखणं कमी ठेवायचं, एवढंच आपल्या हातात. त्यांना आडवंच राहू द्या. आणि गचका बसता कामा नये."

मामी आडव्या पडल्या. पडल्या पडल्या त्यांनी एकच मागितलं. त्यांची थोरली बहीण वर डोंगरात, तलावाच्या काठी राहायची. तिचा नवरा तलावावर राखणदार होता, तो गेल्यावरही ती तिथेच राहिली. गुडघे गेलेले, घराच्या पायऱ्याही तिला उतरवत नसत. "मला एकदा ताईकडे न्या," मामी म्हणाल्या. "ती खाली येऊ शकत नाही, मी उठू शकत नाही. आता मधे तुम्हीच आहात."

दवाखान्याची गाडी दवाखान्यात नेते, बहिणीकडे नेत नाही. साध्या मोटारीत आडवं झोपवून नेता येत नाही. राहिली व्हॅन. तिच्यात अख्खा पलंग मावत होता. पण तलावाकडचा शेवटचा रस्ता म्हणजे नुसते दगड आणि ओहोळ. मामा आधी ताईंना निरोप द्यायला गेले, जाता-येता तलावावरचे कामगार मागे भरून, तर येताना मागचा ॲक्सल तडकला. आधीच जुना, त्यात तो रस्ता.

मामांनी भंगारातून एका मालवाहू टेम्पोचा ॲक्सल आणला. दणकट, मांडीएवढा जाड. त्याच्याबरोबर त्याचे पाटेही आले, म्हणजे वजन पेलणाऱ्या पोलादी स्प्रिंगपट्ट्या. दगड पोटाला लागू नयेत म्हणून गाडी चार बोटं उचलूनही घेतली. शेडमध्ये ती अशी उभी राहिली, जणू एखाद्या म्हाताऱ्याने उंच टाचांचे बूट घातलेत.

आता प्रश्न राहिला मागच्या शॉकअपचा, म्हणजे गचके पचवणाऱ्या नळकांड्यांचा. गाडी वर गेली, पण जुने शॉकअप तेवढेच राहिले. चाक खड्ड्यात उतरलं की ते पुरे ताणले जाऊन हिसका देत. "बाही तोकडी पडली की खांदा ओढतो, तसं झालंय," मामींनी खिडकीतून निदान केलं. त्यांचा पलंग मुद्दाम शेडकडच्या खिडकीशी हलवला होता. "लांब घ्या."

"फार लांब घेतले तर गाडी दबल्यावर आतल्या आत ठोकतील."

"मग माप घ्या ना नीट! नुसते गाडीखाली काय झोपलाय?"

मामांनी गाडी जॅकवर घेतली, ॲक्सल खाली लोंबू दिला आणि मामींच्याच शिवणाच्या टेपने वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंत माप घेतलं. "टेप ताणू नका," आतून आवाज आला. "ताणली की खोटं बोलते." मग गाडी टेकवून, दाबून दुसरं माप. माप अगदी चोख निघालं. त्यात मामा कुठेच चुकले नाहीत.

चूक पुढे झाली, दुकानात. स्पेअर पार्टवाल्याकडे त्या मापाच्या दोन जोड्या होत्या. एक गॅसची, कडक. दुसरी साध्या तेलाची, मऊ. दुकानदार मामांना वर्षानुवर्षं ओळखत होता. तो म्हणाला, "मामा, आधीच टेम्पोचे पाटे घातलेत तुम्ही. गाडी भरून चालवणार असाल तर गॅसचे न्या. रिकामी चालवणार असाल तर हे तेलाचे न्या. रिकाम्या गाडीला कडक शॉकअप म्हणजे घोडं उधळल्यासारखं व्हायचं."

"माझी गाडी रिकामी कधी चालली?" मामा म्हणाले. ते रागावले नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

दुकानदार हसला. "तेही खरंच. मग गॅसचे न्या. नाही पटले तर बदलून देतो."

गॅसचे बसले. आता ज्यांचं आयुष्य नाटकात गेलं, ती माणसं तालमीशिवाय काही करतील का? राजांनी फतवा काढला, "रंगीत तालीम झाल्याशिवाय प्रयोग नाही!" आणि मंडळीतले जे कुणी चालते-फिरते उरले होते, ते सगळे एका सकाळी शेडपाशी जमले. म्हातारा खलनायक आला, दोघी जुन्या नायिका आल्या, पेटीवाला काठी टेकत आला. कित्येक वर्षांनी व्हॅनचं मागचं दार सगळ्यांसाठी उघडलं होतं. त्यामुळे कुणी म्हणून मागे राहायला तयार होईना. पलंग आत ठेवला. मामींच्या जागी राजे आडवे झाले.

"बदली नटाला पाय पसरायला जागा द्या! पलंग कुरकुरतोय बघा."

"पलंग कुरकुरतोय, कारण तुम्ही राजे नाही, आख्खा दरबार आहात," धाकटी नायिका म्हणाली. धाकटी म्हणजे सत्तरीची.

मामांनी शहराबाहेरच्या खाणीचा उखडलेला रस्ता निवडला. गाडी त्यावरून अशी गेली की बघत राहावं. डौलात दबायची, हळूच वर यायची. मागे जुनी भांडणं नव्याने निघाली, जुनी गाणी बेसूर सुरू झाली. राजे पोटावर हात ठेवून डोळे मिटून पडले होते. उतरताना गंभीर होऊन म्हणाले, "मामा, मी झोपलो होतो. खरंच झोपलो होतो. यापुढे बोलायचं काही ठेवलं नाहीत." मामांचे डोळे भरून आले. घरी जाऊन त्यांनी मामींना सांगितलं, "पास!"

सगळी मंडळी बरोबर यायला निघाली होती. मामींनीच नको म्हटलं. "आज नाटक नको. आपण दोघंच जाऊ."

आणि दोघंच निघाले. शेजाऱ्यांनी मामींना चादरीसकट उचलून पलंगावर ठेवलं, तेव्हा त्यातला एक जण चादर हातात धरून क्षणभर तसाच उभा राहिला. उचलायला जोर लावला होता, आणि तो जोर वाया गेला होता. मामांनी ते पाहिलं. पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

डांबरी रस्त्यावर सगळं ठीक होतं. मामी वर छताकडे बघत बोलत होत्या. ताई लहानपणी त्यांची वेणी इतकी आवळून घालायची की डोळे ओढले जायचे, असलं काहीबाही. मग डांबर संपलं. पहिला दगड आला. तो मोठाही नव्हता. गाडीची मागची बाजू ताडकन उसळली आणि खाली आपटली.

मामी ओरडल्या.

मामांनी हा आवाज आजवर ऐकलेला नव्हता. तपासणीत नाही, सुया टोचताना नाही. त्यांनी गाडी जागच्या जागी थांबवली आणि धावत मागे गेले. मामींचा चेहरा पांढरा पडला होता, ओठ दातांखाली. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "काही नाही. चला."

मामा चाकापाशी उकिडवे बसले. शॉकअपकडे बघितलं, पाट्यांकडे बघितलं. पाटे जराही दबलेले नव्हते. त्यांच्यावर वजनच नव्हतं. मग सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. तालमीला मागे पाच जण होते, त्यात राजे. आज एक बाई होती आणि ती बाई... त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. सगळं आयुष्य त्यांनी भरलेली गाडी चालवली होती. भरलेली गाडी त्यांना तळहातासारखी माहीत होती. स्वतःचीच गाडी रिकामी कशी चालते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. दुकानदाराने विचारलंही होतं. पण गाडीत मामी असताना तिला रिकामी म्हणायचं, हे त्यांच्या मनातही येणं शक्य नव्हतं.

"अहो, काय करताय?"

"गाडी हलकी पडली," मामा म्हणाले. "हलकी पडली, म्हणून उसळते."

मामींनी पलंगाभोवतीच्या मोकळ्या जागेवर नजर फिरवली. मग म्हणाल्या, "मग भरा की."

मामांनी रस्त्याकडेचे दगड उचलायला सुरुवात केली. जमतील तेवढे, पोटाशी धरून. पलंगाच्या दोन्ही बाजूंना, पायथ्याशी, एकेक हलकेच ठेवत. मध्येच धाप लागली की दाराला टेकायचे. मामी पडल्या पडल्या सूचना देत होत्या. "तो नको, गडगडेल. हां, तो ठेवा. तो बसला बघा खलनायकासारखा." एका वाटोळ्या, मोठ्या दगडाकडे बघून म्हणाल्या, "हे राजे." त्यांना हसू आलं, आणि हसण्यानेही दुखलं.

पाटे दबले. गाडी निघाली, आणि आता ती मामांच्या ओळखीची गाडी होती. चढ चढून, ओहोळ ओलांडून ती ताईंच्या दाराशी पोचली. तलावावरच्या दोघा कामगारांनी पलंग पायऱ्यांवरून अलगद वर नेला. ताई खुर्चीत बसूनच होत्या. पलंग शेजारी येताच त्यांनी आधी बहिणीच्या केसांवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "काय ही दशा! कुणी विंचरत नाही का तुला?"

"हे विंचरतात. ड्रायव्हरच ते. सरळ भांगाच्या पुढे जात नाहीत."

मामांना खोलीबाहेर हाकललं गेलं. बाहेर पायरीवर बसून ते आतला आवाज ऐकत राहिले. कधी दोघी एकदम बोलत, कधी अजिबात नाही.

निघायची वेळ झाली तेव्हा मामींनी त्यांना जवळ बोलावलं. "रागवू नका. मला परत नका नेऊ."

"अगं, दगड आहेत ना गाडीत. आता काही होणार नाही."

"तो पहिला गचका बसला ना, तेव्हाच आत काहीतरी तुटलं. तुम्ही दगड भरत होतात, म्हणून बोलले नाही." त्यांनी त्यांचा हात धरला. "आता हलवू नका मला."

इतक्या गावांहून इतकी माणसं मामांनी घरी परत आणली होती. मागे कुणी राहिलं असं कधी झालं नव्हतं. ते एकदम उठले आणि म्हणाले, "मी शॉकअप बदलून आणतो. तेलाचे बसवतो. मऊ. मग तुला वाटलं तर जाऊ. नाही वाटलं तर नाही."

मामींनी मान डोलावली. माणसाला काहीतरी करायला हवं असतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

मामा एकटे खाली उतरले. डॉक्टरांना भेटले. डॉक्टर म्हणाले, जिथे त्यांना बरं वाटतं तिथे राहू द्या. आणि वेदनेची औषधं, ती देण्याची रीत, सगळं समजावून दिलं. मग मामा दुकानात गेले. दुकानदाराने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता तेलाची जोडी काढून दिली. शेडमध्ये राजे मदतीला आले. पाने-पक्कड धरून उभे राहिले, मागितलं ते हातात देत राहिले. मामांनी शॉकअप बदलले, पाट्यांतले दोन पाटे काढून टाकले. सगळे दगड उतरवले. मग राजे सवयीने मागे चढायला लागले, तर मामांनी त्यांच्या दंडाला धरलं.

"नको, राजे. कुणीच नको."

खाणीच्या त्याच रस्त्यावर त्यांनी गाडी रिकामी नेली. पहिल्यांदाच. मागून ना भांडण, ना गाणं. सवयीने आरशात बघितलं, तर आरशात फक्त मागची काच. गाडी मऊ चालत होती. कुठे किती दबते, कुठे उठते, हे ते नव्याने शिकत राहिले. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा पुन्हा, हाताला पटेपर्यंत.

वर पोचले तेव्हा मामी फार थकल्या होत्या. डोळे उघडे, पण आवाज तळातून आल्यासारखा. त्यांना उचलण्याचा प्रश्नच उरला नव्हता. मामांनी औषधं ताईंच्या हाती दिली, कशी द्यायची ते सांगितलं आणि पलंगाशी बसले.

"बसवले?" मामींनी विचारलं.

"बसवले."

"कशी आहे आता?"

"मऊ आहे. रिकामी चालवून बघितली."

"खोटं."

"अगं, खरंच. तुझी शपथ."

मामींच्या ओठांच्या कडा किंचित हलल्या. "मग चालवा ना. मला बघू दे."

खिडकीसमोर घर आणि तलाव यांच्यामध्ये मोकळी जागा होती, सगळी दगडगोट्यांची. ताईंनी आणि मामांनी मिळून मामींच्या मानेखाली उशी सरकवली, डोकं खिडकीकडे वळवलं. मामा खाली गेले आणि गाडी चालू केली. एक मोठा वळसा घेऊन खिडकीसमोरून गेले. मुद्दाम दगड शोधून त्यावर चाक घातलं. गाडी हलकेच दबली, हलकेच उठली. दुसऱ्या फेरीला त्याहून मोठा दगड निवडला. ते खिडकीकडे बघत नव्हते. नटाने प्रेक्षकांकडे बघायचं नसतं, हे विंगेत उभं राहून ते कधीच शिकले होते. त्यांचं सगळं लक्ष मागच्या चाकांत होतं. इतकी सुंदर गाडी त्यांनी आयुष्यात चालवली नव्हती. एक फेरी, आणखी एक. आता ओहोळाच्या काठाकडून, जिथे जमीन सगळ्यात वाईट होती.

दार उघडलं. ताई बाहेर आल्या होत्या. कठड्याला धरून, एकेक पायरी, गुडघे दाबत त्या खाली उतरत होत्या.

मामांनी गाडी त्यांच्याजवळ आणून थांबवली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "का हो ताई? उसळली का कुठे?"

ताईंनी मान हलवली. मग हात आत घालून त्यांनी मामांचा स्टिअरिंगवरचा हात धरला. "नाही हो," त्या म्हणाल्या. "कुठेच नाही. आता बंद करा."